धोंडबा वाघाचा उपास

एका जंगलात, म्हणजे तिकीट काढून आत जावं लागतं अशा जंगलात, धोंडबा नावाचा एक वाघ राहत होता.

धोंडबा हे नाव त्याच्या आईनं ठेवलेलं. आधीची दोन पिल्लं जगली नव्हती, म्हणून याला दगडाचं नाव. पाहुणे मंडळी मात्र त्याला राजवीर म्हणत. फाटकाजवळच्या गावात राजवीर लॉज होतं, राजवीर चहा होता, राजवीर केशकर्तनालय होतं. धोंडबाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक होतं, की आज सहावा दिवस आहे आणि पोटात काही नाही.

आता तुम्ही म्हणाल, वाघ आणि उपाशी? सांगतो. घाई करू नका.

पूर्वी या जंगलातली हरणं कान टवकारून चरायची. वाऱ्यावर नाक धरायची. पान हललं तरी मान वर. मग पाहुणे यायला लागले. सकाळी एक फेरी, दुपारी एक फेरी. उघड्या जिप्सी गाड्या, रंगीत टोप्या, गळ्यात दुर्बिणी. आणि हरणांच्या एक गोष्ट ध्यानात आली. ही माणसं वाघ दिसला, की बोट दाखवतात.

झालं. हरणांनी कान पाडले, नाकं मिटली. जिप्सी उभ्या असतील तिथंच चरायचं. अधूनमधून माणसांच्या बोटांकडे बघायचं. बोट उठलं, की त्याच्या उलट दिशेनं पळायचं. नियम सोपा. पाडसांनासुद्धा पाठ.

धोंडबानं सगळं करून पाहिलं. बांबूत दबून बसला, तर कोणीतरी किंचाळलं, "ए, राजवीर! इकडे बघ ना!" बोटं उठली, कळप पसार. नाल्यातून सरपटत गेला, तरी तेच. शेवटी जिथं गाड्या जात नाहीत अशा लांबच्या रानात गेला. तिथं फार शांत होतं. हरणही नव्हतं एक.

सहाव्या दिवशी सकाळी तो तळ्यावर पाणी प्यायला आला. पलीकडच्या काठावर चंद्राआक्का उभ्या होत्या. चंद्राआक्का म्हणजे कळपातली सगळ्यात जुनी चितळीण. मधे भरपूर पाणी, त्यामुळे बोलायला हरकत नव्हती.

"काय रे धोंडबा, बरगड्या दिसायला लागल्या तुझ्या."

"तुमचीच कृपा, आक्का."

"माझी कसली? त्या पाहुण्यांची म्हण. कुठून कुठून येतात बिचारे, पहाटे उठून, स्वेटर घालून. आमच्यासाठी डोळे फोडून बघत बसतात."

"तुमच्यासाठी? मला वाटलं माझ्यासाठी."

"तुला काय बघायचंय? तू कुठं आहेस ते आम्हाला कळावं म्हणून बघतात रे."

धोंडबानं मिशांवरचं पाणी झटकलं. मग म्हणाला, "आक्का, कधीतरी स्वतःच्या नाकानं बघत जा. सवय जाईल."

"नाक? अरे, या वयात कोण नाक चालवतंय!" आक्का हसल्या आणि गाड्यांच्या आवाजाच्या दिशेनं चरायला निघाल्या.

धोंडबा उंबराच्या झाडाखाली गेला. वर येसाजी वानर बसला होता. वाघ दिसला, की 'खक् खक्' करून जंगलाला सावध करणं हे येसाजीच्या घराण्याचं काम. त्यानं तोंड उघडलं.

"थांब, ओरडू नकोस," धोंडबा म्हणाला.

"असं कसं? माझ्या आजोबांपासून चालत आलंय हे."

"मग ओरड. खुशाल ओरड. फक्त तोंड त्या वारुळाकडे करून ओरड."

समोर कुरणापलीकडे झुडपात एक तांबूस वारूळ होतं.

"वारुळात वाघ नाही," येसाजी म्हणाला. "खोटं बोलायला सांगतोस?"

"खोटं कुठं? वाघ जंगलात आहे, एवढंच तुझे आजोबा सांगायचे ना? दिशेचं कधी काही बोलले होते का?"

येसाजीनं डोकं खाजवलं. आजोबा दिशेचं काही बोलले नव्हते, हे खरं.

"आणि हे बघ," धोंडबा म्हणाला, "सगळ्या गाड्या तुझ्याच झाडाखाली उभ्या राहतील. वहिनींचे फोटो निघतील."

वरच्या फांदीवरून आवाज आला, "अहो, ओरडा की मग!"

येसाजी ओरडला. धोंडबा मागच्या बांबूत शिरला.

पहिली गाडी गुलाबभाऊंची आली. गुलाबभाऊ म्हणजे जंगलातले जुने गाइड. त्यांनी हात वर केला, श्वास रोखला, वानराचं तोंड पाहिलं आणि वारुळाकडे बोट केलं.

"तिकडं हाय बाप्पा. झुडपात. कान हलला."

मागोमाग अकरा गाड्या आल्या. अकरा गाइडांनी बोटं केली. आता इतक्या जाणत्या माणसांना कान दिसला म्हटल्यावर तिकीट काढून आलेल्यांना काय कमी दिसणार?

"पट्टे! मला पट्टे दिसले!"

"शेपूट बघ, शेपूट!"

"झोपलाय वाटतं. किती रुबाबात झोपलाय!"

गाड्या जमलेल्या पाहून कळप दोन्हींच्या मधे कुरणात चरायला आला होता; तोवर बोटं खाली आणि कॅमेरे वर झाले होते. पुढं वारूळ, मागं गाड्या. आणि गाड्यांच्याही मागून, धुळीच्या रस्त्यानं, धोंडबा शांतपणे चालत येत होता. त्याच्याकडे बघायला कोणी नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला कोणी राजवीर म्हणून हाक मारली नाही. त्याला जरा चुकल्यासारखंही झालं.

शेवटच्या गाडीत मागच्या बाकावर द्वारकाबाई बसल्या होत्या. मान आखडली म्हणून त्या मागं वळल्या आणि धोंडबाच्या डोळ्यांत डोळे गेले.

धोंडबा जागीच थांबला. एक बोट. या बाईनं एक बोट उचललं, की सातवा दिवस.

"अगं सूनबाई," द्वारकाबाई हळूच म्हणाल्या, "मागं वाघ आहे."

"आई, पुढे बघा. पुढे आहे वाघ. सगळे पुढे बघतायत ना?"

"पण हा केवढा मोठा आहे."

"आई, प्लीज! मी व्हिडिओ काढतेय, तुमचा आवाज येतोय त्यात."

द्वारकाबाईंनी तोंड मिटलं. सुनेशी वाद घालायचा नाही, असं त्या सहलीला निघतानाच ठरवून आल्या होत्या. त्यांनी बोट उचललं नाही. दोन्ही हात जोडले. धोंडबानंही मान थोडी खाली घातली आणि गाडीला वळसा घालून पुढं गेला.

तेवढ्यात वारा आला, झुडूप हललं, आणि सगळी गर्दी एका आवाजात ओरडली, "उठला! उठला!"

शंभर बोटं वारुळाकडे उठली.

कळपानं बोटं पाहिली आणि नियमाप्रमाणे उलट दिशेनं धूम ठोकली. सगळ्यांत पुढं चंद्राआक्का, कारण नियम त्यांनाच सगळ्यांत जास्त पाठ. धोंडबाला उडीसुद्धा मारावी लागली नाही. तो नुसता उभा राहिला.

पुढचं सांगत नाही. तुमची जेवायची वेळ झाली आहे.

गाड्या फाटकाबाहेर आल्या. गावात चहा पिताना प्रत्येकाकडे वारुळाचे साठ-सत्तर फोटो होते आणि प्रत्येकात वाघ होता. सूनबाईंनी सासूबाईंना विचारलं, "मग आई, दिसला ना वाघ? कसा वाटला?"

"छान होता," द्वारकाबाई म्हणाल्या. "पण फार वाळलाय गं. घरचं कोणी लक्ष देत नसावं."

तात्पर्य : सगळे जिकडे बोट दाखवतील तिकडेच पाहावं. वाघ दिसत नाही, पण फोटो येतात आणि घरात भांडण होत नाही. मागं वळून पाहणाऱ्याला वाघ दिसतो खरा, पण दाखवणार कोणाला?

हरणांसाठी तात्पर्य वेगळं आहे. ते चंद्राआक्का सांगणार होत्या.