थोरल्या जावयांच्या फुल फ्रेमचा पाडाव

हकिकत लिहिणे भाग पडले, कारण उभय पक्षांनी ती आपापल्या सोयीने फिरवून सांगण्याचा सपाटा चालविला आहे. सबब जे घडले तेच, पदरचे अक्षर न घालिता, येथे रुजू करितो.

एका वृद्ध बाईसाहेबांस दोन कन्या आणि दोन जावई. थोरले जावई विमा कचेरीतील अंमलदार, खासे दिमाखदार. तीन वर्षांमागे त्यांनी फुल फ्रेम नामक भारी कॅमेरा हस्तगत केला, ज्याच्या पोटातील सेन्सर, म्हणजे उजेड झेलणारी चौकट, इतर कॅमेऱ्यांहून थोर. आणि त्या दिवसापासून जावयांची मान जी ताठली ती जेवतानाही खाली येईना. धाकटे जावई लिफ्टदुरुस्तीचे कसबी, मितभाषी, आणि त्यांजपाशी खिशात मावणारा, लहान सेन्सरचा कॅमेरा. थोरल्यांनी त्यास चारचौघांत खेळणे म्हणावे, त्यातील फोटो न पाहताच पुढे सरकवावे, आणि एकदा तर धाकट्यांच्या मातोश्रींसमक्ष, यापेक्षा मोबाइल बरा, ऐसे फर्मावले, मग धाकटी कन्या स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसती जाहली.

पुढे बाईसाहेबांस पंचाहत्तरावे वर्ष लागणार, सबब त्यांचा एक फोटो छापून उभय कन्यांचे घरी लावावा ऐसी मसलत जाहली. थोरल्यांनी लागलीच हुकूम सोडिला की छापावयास थोर सेन्सरच पाहिजे, लहान सेन्सरचा फोटो कागदावर उतरताच पिठासारखा भुरभुरतो, आणि हा फरक आम्ही दहा पावलांवरून ओळखितो.

तेव्हा धाकटीचा संयम सुटला. "ताई, भाऊजींना म्हणावं, ओळखून दाखवा. कुणाचा कुठला ते न सांगता."

थोरलीने नवऱ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "दाखवाच."

मग करार ठरला की जो हरेल त्याने एक वर्ष घरच्या कार्यात कॅमेऱ्यास हात लावू नये. आणि पंच म्हणून कोपऱ्यावरील फोटो छापणाऱ्या बाईंस पाचारण जाहले.

रविवारी दुपारी, लख्ख उजेडात, गच्चीच्या भिंतीसमोर खुर्ची मांडिली. धाकट्यांनी कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर बसविला आणि ते बाजूस झाले. थोरल्यांची तजवीज मात्र पाऊण तास चालली. फुंकणीने काचेवरील धूळ उडविली, जी नव्हतीच, आणि मग हनुवटी वर, हनुवटी खाली, ऐसे फर्मानावर फर्मान सुटले.

"अहो, रग लागली पाठीला," बाईसाहेब म्हणाल्या.

पंच बाईंनी दोन्ही कॅमेऱ्यांत बाईसाहेब सारख्याच मापाच्या दिसतील ऐसे करून घेतले आणि म्हणाल्या, "आता दोघेही खाली जा. बटणं मी दाबते." जिन्याचे दार लागले, आणि दोन कर्ते जावई जिन्यात कोंडलेले पाहून बाईसाहेब त्या दिवशी प्रथमच हसल्या.

तिसरे दिवशी दुकानी सर्वांसमक्ष निवाडा बसला. प्रत्येक कॅमेऱ्याचे तीन, ऐसे सहा फोटो एकाच जातीच्या कागदावर, वहीच्या पानाहून थोडे मोठे छापिले होते, मागे पेन्सिलीने आकडे. थोरल्यांनी भिंग काढिले, चष्मा कपाळी चढविला, आणि चौथ्या फोटोपुढे येताच त्यांनी भिंग उंचावले. "ही खोली बघा! फोटो श्वास घेतोय! खेळण्याला हे जन्मात जमायचं नाही."

पंच बाईंनी मागचा आकडा पाहिला. "हा खेळण्याचाच आहे."

सहापैकी दोन ओळखले; नाणे उडविले असते तरी तीन आले असते. मग थोरल्यांनी प्रथम कागदास दोष दिला, मग शाईस, मग दुकानातील ट्यूबलाइटीस, आणि कोणी उरले नाही तेव्हा स्वतःच्या चष्म्यास.

"अंधारात काढा आणि भिंतभर छापा," बाई म्हणाल्या, "मग तुमचा मोठा सेन्सर खरंच दिसेल. या मापाला, अशा उन्हात, नाही दिसत. बावीस वर्षं छापतेय मी."

येथे विजेत्यांनी गप्प राहून शोभा राखावी, ते सोडून मितभाषी म्हणून नावाजलेले धाकटे जावई आपल्या खेळण्याची थोरवी सांगू लागले, आणि अर्धा तास थांबेनात. अखेर धाकटीनेच त्यांची बाही ओढिली.

तेवढ्यात बाईसाहेबांनी सहांतून एक फोटो उचलिला, ज्यात त्या दात दाखवून हसत होत्या. "हा छाप गं. यात मी माझ्यासारखी दिसते." दोघे जावई मागचा आकडा पाहण्यास एकदमच झेपावले. बाईसाहेबांनी फोटो छातीशी धरिला. "फोटो मागून बघायचा नसतो."

येणेप्रमाणे फुल फ्रेमचा पाडाव होऊन थोरल्यांचा कॅमेरा वर्षभर कपाटात कैद जाहला, आणि फत्ते धाकट्या जावयांच्या नावे लिहिली. दोन्ही घरी लागलेला फोटो कोणत्या सेन्सरचा हे एक छापणाऱ्या बाई जाणतात आणि सांगत नाहीत. सबब पाहुणा आला की थोरले आपल्या भिंतीपुढे आणि धाकटे आपल्या भिंतीपुढे उभे राहून, हा आमचाच, ऐसे छातीवर हात ठेवून सांगतात. यावर मोर्तब असे.