कोण ओरडतंय ते बघू

दहा वर्षांची योजना मी एका बैठकीत लिहिली. हो, दहा! लोकांना उद्या सकाळी काय करायचं ते ठरवता येत नाही, आणि मी पुढच्या दहा वर्षांत कुठलं मशीन कधी बदलायचं, कुठे ठेवायचं, बंद पडलं तर कोणी धावायचं, हे सगळं सव्वीस पानांत बसवलं. सव्विसाव्या पानाच्या तळाशी, चटकन कोणाच्या डोळ्यांत येऊ नये अशा बेताने, एक ओळ टाकली: 'यापुढे मशिनांची जबाबदारी जो सात दिवसांत पुढे येईल त्याची.' खरं सांगायचं तर उरलेला सगळा मजकूर मी त्या एका ओळीसाठी लिहिला होता.

आधी आम्ही कोण ते सांगतो. आम्ही शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर बनवतो, तेही ओपन सोर्स. म्हणजे कोणीही उघडून आत बघावं, सुधारावं, फुकट वापरावं आणि वर आम्हालाच शिव्या द्याव्यात. गावोगावची आम्ही चाळीस माणसं. कोणी नर्स, कोणी मुद्रितशोधक, मी स्वतः पोटासाठी नकाशे काढतो. हे सगळं ज्या सर्व्हरांवर चालतं ते सांभाळायला अकरा वर्षांपूर्वी कोणीतरी हवं होतं. त्या दिवशी मी सभेला पाच मिनिटं उशिरा पोचलो, एवढाच माझा गुन्हा!

तेव्हापासून फोन. दाढी करताना फोन, दातांच्या डॉक्टरकडे आ वासून पडलेलो असताना फोन. "अहो, साइट उघडत नाही!" लेकीच्या लग्नाच्या एकूण एक फोटोत माझी मान खाली आहे. लोकांना वाटतं, बाप हळवा झालाय. मी सर्व्हर चालू करत होतो!

"अकरा वर्षांत तुम्ही एक जेवण एका बैठकीत संपवलेलं नाही," बायको म्हणाली. चिडून नाही, चिडायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. "लेक बोलावतेय. पंधरा दिवस, फक्त आपण दोघं. जमणार आहे का?"

"पुढच्या महिन्यात नक्की!"

"हे तुम्ही सहा वर्षं म्हणताय."

"या वेळी योजना आहे!"

 दुसऱ्या दिवशी तिने माळ्यावरून मोठी बॅग काढली हो! पुसली, उन्हात ठेवली. मला कसंतरीच झालं. म्हटलं, आता काहीही होवो, हे लचांड गळ्यातून काढायचंच.

योजनेची पहिली पायरी म्हणजे मशिनं मोजणं. ती एका कॉलेजच्या लॅबमागच्या खोलीत, एका लोखंडी मांडणीवर असतात. खोलीची किल्ली लॅबवाल्या काकांकडे; मी सगळं फोनवरूनच सांभाळतो. कागदावर मशिनं सात होती. मी मोजली तर आठ! सगळ्यात खाली, धुळीने राखाडी झालेलं एक जाडजूड धूड घरघरत होतं. वर कागदाची पट्टी चिकटवलेली: 'थोरलं. हात लावू नये.'

"काका, हे काय करतं?"

"माझा डबा गरम ठेवतं, साहेब."

"त्याशिवाय?"

"त्याशिवायचं मला काय माहीत? मशिनं तुमची!"

ज्याने आमची संस्था सुरू केली त्याला आम्ही मूळपुरुष म्हणतो. त्याने आठ वर्षांपूर्वी या सगळ्याला कंटाळून मधमाश्या पाळल्या. त्याला फोन लावला.

"अरे, ते थोरलं कशासाठी ठेवलं होतंस?"

"आहे का अजून? वा!" मागे माश्यांची गुणगुण ऐकू येत होती. किती शांत गुणगुण ती! मला हेवाच वाटला. "काय करायचं ते आठवत नाही रे. बंद कर आणि कोण ओरडतं ते बघ. कोणी ओरडलं तर चालू कर. नाही ओरडलं तर भंगारात दे."

हसू नका. आमच्याकडे ही मान्य पद्धत आहे. जगातल्या भल्याभल्या ठिकाणी, कोणाला विचारून काही कळेनासं झालं की असंच करतात.

आमची दुसरी पद्धत म्हणजे लिस्ट. एका पत्त्यावर ई-मेल टाकली की चाळीसही जणांना जाते. ठराव तिथे मांडायचा. सात दिवसांत कोणी कारण देऊन विरोध केला नाही तर मंजूर, एकानेही केला तर नामंजूर. गप्प बसला तो राजी! हा नियम नसता तर आम्ही अजून संस्थेचं नाव ठरवत बसलो असतो. आणि गेल्याच महिन्यात वैतागून मी सगळ्यांना बजावलं होतं: यापुढे मला फोन करायचा नाही, तक्रार लेखी, आणि लिस्टवरच!

सोमवारी सकाळी मी थोरल्याची वायर काढली. घरघर थांबली. काकांनी हळहळत डबा उचलला. घरी येऊन मी योजना लिस्टवर पाठवली आणि शिव्यांची वाट बघत बसलो.

मंगळवारी काही नाही. बुधवारी काही नाही. गुरुवारी मी माझंच इंटरनेट तपासलं. ठणठणीत! साइट चालू, डाउनलोड चालू, सगळं चालू. एका बटणाच्या रंगावरून एकोणीस दिवस भांडलेली ही माणसं, सव्वीस पानांवर एक अक्षर नाही! म्हणजे योजना इतकी चोख होती की कोणाला बोट ठेवायला जागा सापडेना. खोटं कशाला सांगू, मला भरून आलं.

आता पंचाईत अशी की अकरा वर्षांत मी कधी मोकळा बसलो नव्हतो. मोकळं बसतात कसं तेच येईना! मग मी स्वयंपाकघरात शिरलो. आधी डबे मोजले, मग त्यांना नंबर दिले. कुठला डबा कुठल्या साली बदलायचा त्याचा तक्ता करून भिंतीवर लावला.

"साखर कुठाय?" बायकोने विचारलं.

"चौदा नंबरात. पण आधी तक्त्यात नोंद कर."

तिने बिनसाखरेचा चहा केला. शनिवारी कपाटामागे मला एक बटण सापडलं. कशाचं ते कोणालाच ठाऊक नसावं, असं दिसत होतं. आता पद्धत तर तुम्हाला माहीतच आहे. मी बटण बंद केलं आणि कान देऊन उभा राहिलो. सहाव्या मिनिटाला न्हाणीघरातून ओरडा आला! पाण्याच्या पंपाचं बटण होतं ते, आणि बायकोच्या डोक्याला साबण होता.

"बघ, पद्धत काम करते!" मी दाराबाहेरून म्हणालो. त्यानंतर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

सोमवारी मुदत संपली. एकही विरोध नाही! थोरल्यासाठीही कोणी ओरडलं नव्हतं. मी काकांना फोन करून सांगितलं, "ते धूड भंगारात द्या." बायकोला म्हणालो, "बॅग भर." मग संस्थेच्या अध्यक्षांना, म्हणजे आमची पुस्तिका लिहिणाऱ्या निवृत्त मास्तरांना, आभाराचा फोन केला. त्यांना सगळे पंतोजी म्हणतात.

"पंतोजी, पाठिंब्याबद्दल फार आभारी आहे!"

"कशाचा पाठिंबा?"

"माझ्या योजनेला."

"कसली योजना? आठ दिवसांत लिस्टवरून मला एक पत्र आलेलं नाही. मी स्वतः चार पाठवली. एकाचंही उत्तर नाही!"

"अहो, मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं ना! लिस्टवर लेखी तक्रार केली. फोन करायचा नाही असं तुम्हीच बजावलं होतंत."

 थोरलं काय करत होतं ते मला त्या क्षणी कळलं. लिस्टवर आलेलं पत्र आमचं नवं मशीन घेत होतं, पण ते चाळीस जणांना वाटण्याचं काम थोरल्याचं होतं! सगळे घसा फोडून ओरडत होते, आणि तो ओरडा ज्यातून माझ्यापर्यंत यायचा तेच मी बंद करून ठेवलं होतं.

मी पायांत येतील त्या चपला घालून धावलो. लॅबमध्ये पोचतो तर मांडणीवर मोकळी जागा.

"काका, थोरलं?"

"आत्ताच नेलं की! तुम्हीच म्हणालात ना, द्या म्हणून?"

भंगारवाल्याची गाडी मी तिसऱ्या वळणावर गाठली. थोरलं एका मोडक्या खुर्चीवर उताणं पडलं होतं आणि भंगारवाला त्याचा एक स्क्रू काढूनही बसला होता.

"थांबा! ते चालू मशीन आहे!"

"साहेब, हे?" त्याने थोरल्याकडे बघितलं, मग माझ्या चपलांकडे. दोन्ही वेगवेगळ्या होत्या. "घ्या बाबा, घेऊन जा," तो म्हणाला, अगदी दयेने.

ते धूड छातीशी धरून मी परत आलो, वायर लावली. घरघर सुरू झाली. आणि खिशातला फोन थरथरायला लागला तो थांबेचना! सहाशे तेरा पत्रं. 'लिस्ट बंद आहे का?' 'लिस्ट बंद असेल तर कृपया लिस्टवर कळवावे.' 'ज्यांना हे पत्र मिळाले नाही त्यांनी उत्तर द्यावे.' आणि या सगळ्यांत गेल्या सोमवारचं, पंतोजींचं: 'आपले सर्व्हरवाले दहा वर्षांची योजना लिहीत आहेत असे कळते. त्यांची निष्ठा पाहता ही जबाबदारी पुढील दहा वर्षे त्यांच्याकडेच राहावी, असा ठराव मांडतो. मुदत सात दिवस.'

मी तिथूनच फोन लावला.

"पंतोजी, हे पत्र कोणाला पोचलंच नाही!"

"विरोध आला का?"

"येईल कसा?"

"नाही ना आला? मग मंजूर. अभिनंदन!"

"अहो, माझ्या योजनेलाही कोणी विरोध केला नाही! तीही मंजूरच की!"

पंतोजींना सव्वीस पानं नुकतीच मिळाली होती; माउसची टिकटिक ऐकू आली. "आहे ना मंजूर. जबाबदारी जो सात दिवसांत पुढे येईल त्याची. आलं का कोणी?"

मी रडायचाच बाकी राहिलो होतो. घरी आलो. बॅग दारात भरून ठेवलेली. बायकोला सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं, पण तिने फक्त पाणी आणून दिलं. मी म्हणालो, "अजून एक ठराव. राजीनाम्याचा. सात दिवस थांब, आपण दोघं जाऊ म्हणजे जाऊ!"

या वेळी लिस्ट चालू आहे की नाही ते मी तासातासाला तपासलं. राजीनामा सगळ्यांना पोचला. लोकांनाही माझी दया आली असावी. पंतोजींनी जड अंतःकरणाने संमती दिली. मूळपुरुषाने मध पाठवतो म्हणून कळवलं. सहा दिवस झाले, एक विरोध नाही. सातव्या दिवशी मी माझे कपडे बॅगेत वरच्या बाजूला ठेवले आणि घड्याळाकडे बघत बसलो. मुदत संपायला चाळीस मिनिटं असताना पत्र आलं.

'माझा या ठरावाला विरोध आहे. सभासदांची संख्या कमी पडत होती तेव्हा यांनीच मला लिस्टवर घेतलं, म्हणून बोलायचा हक्क आहे. कारणं: नुकतेच हे आठ दिवस रिकामे होते. तेवढ्यात साखरेला नंबर लागला आणि माझ्या डोक्यावरचं पाणी बंद झालं. दहा वर्षं हे असं घरात मोकळे राहिले तर माझं काय होईल? मशिनं यांच्याकडेच ठेवावीत ही विनंती. मी उद्या एकटीच लेकीकडे जाते आहे, पंधरा दिवस. दमले आहे.'

मी मान वर केली. बायको समोरच्याच खुर्चीत होती, फोन मांडीवर.

"अगं..."

"जे काय असेल ते लेखी सांगा," ती म्हणाली.

अकरा वर्षांत आमच्या लिस्टवर इतकं मुद्देसूद पत्र आलं नव्हतं. दहा मिनिटांत अडतीस जणांनी पाठिंबा दिला! मी बॅगेतून माझे कपडे काढले आणि तिच्या दोन साड्या जास्त मावतायत का ते बघितलं. मावल्या.