शेरूची चाळीस माणसं

हर्सूलच्या घरातून पाण्याची मोटर दुसऱ्यांदा चोरीला गेली, तेव्हा गयासभाईंनी कंपाउंडच्या भिंतीवर स्वतःच्या हातानं काचा रोवल्या आणि कुत्रा पाळायचं जाहीर केलं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या वस्तीत दागिने गेले तर माणूस हळहळतो. मोटर गेली तर पेटून उठतो.

"घरात कुत्रा नक्को," आबेदा म्हणाली. "कुत्रा असला की फरिश्ते येत नाहीत."

"आणि नसला की चोर येतात. त्याचं काय?"

तोडगा अजरानं काढला. ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिला तसाही प्रोजेक्ट हवाच होता. जुन्या कूलरच्या पत्र्याचं अंग, डोळ्यांच्या जागी कॅमेरे, स्कूटरच्या क्लचवायरचं शेपूट. फाटकाची कडी या प्राण्याच्या ताब्यात, आणि प्राणी अजराच्या मोबाइलच्या. ओळखीचा चेहरा दिसला की शेपूट हलवायचं आणि कडी सोडायची. अनोळखी दिसला की भुंकायचं. नाव शेरू. कूलरला फरिश्त्यांची हरकत नसावी, असं आबेदानं स्वतःच ठरवलं.

भुंकण्यासाठी मात्र आवाज हवा होता. गल्लीतल्या कुत्र्यांनी मोबाइल समोर धरला की गप्प राहायचं धोरण ठेवलं. शेवटी आवाज घुमतो म्हणून गयासभाई बाथरूममध्ये गेले, तीनदा भुंकले, चौथ्यांदा दम लागला म्हणून "कोण हाय? कोण पाहिजे?" असं ओरडले आणि बाहेर आले. अजरानं तेच भरलं.

शेरूमध्ये चाळीस चेहरे मावत होते. घरात माणसं तीन. एवढी जागा काय करायची, असा प्रश्न गयासभाईंना फक्त एक दिवस पडला.

दुसऱ्या दिवशी शेरू भाजीवाल्या सारजाबाईंवर भुंकला.

"आगं माय! इतकी वर्षं झाली तुमच्या दारात भाजी घिऊन येते, आन् ह्यो डबा मला कोण म्हनून इचारतो?" सारजाबाईंनी टोपली खाली ठेवली. "हितनं पुढं माझी मेथी तुमच्या दारात यायची नाय!"

आबेदानं त्यांना हाताला धरून शेरूसमोर उभं केलं. चेहरा भरला गेला. सारजाबाईंनी ही बातमी मेथीबरोबर घरोघरी पोचवली. मग दूधवाले रामकिसन आले. मग शेजारचे श्रीधरराव आले.

"सारजाबाई घरच्या, आणि आम्ही भिंतीला भिंत लावून राहतो ते परके का, गयासभाई?"

श्रीधररावांचा चेहरा भरला. त्यांच्या मिसेस पद्मजाताई पैठणी नेसून आल्या, कारण शेवटी फोटोच तो. लाइनमन आला, शिंपी आला, शिंप्याचा मेहुणा आला. नाही म्हणायची गयासभाईंच्या घरात रीत नव्हती. पंधरवड्यात शेरू भरला आणि वस्तीत त्याला परकं कोणी उरलं नाही. ज्याच्यावर भुंकायचं, त्या चोराचीच तेवढी नोंद व्हायची राहिली होती, आणि त्याबद्दलही गयासभाईंना तशी खात्री नव्हती.

मग सिल्लोडहून फोन आला. थोरल्या भावाचा. सहा वर्षांनी.

करीमभाई कापसाचे व्यापारी. याच घराच्या वास्तूच्या दावतीला ते सिल्लोडहून आले होते. फाटकावर केटररचा एक नवा माणूस उभा होता. त्यानं अदबीनं विचारलं, "आपण कोण? कोण पाहिजे?" करीमभाईंनी आत दिसणाऱ्या भावाच्या पाठीकडे पाहिलं, "कोणी नाही" म्हणाले आणि नान-खलियाला हात न लावता परत गेले. तेव्हापासून गयासभाईंनी ईदला केलेले फोन फक्त वाजत होते.

"तुझ्या कुत्र्याला अपना-पराया कळतो म्हणं," करीमभाई म्हणाले.

"हौ, भाईजान." गयासभाई फोन घेऊन उभेच राहिले.

"रविवारी येतो. मी घरचा हाय का पराया, ते तुझं तोंड नक्को, तुझा कुत्रा सांगंल. आणि बंद करून ठेवलास ना, तर फाटकावरूनच सिल्लोड."

करीमभाईंचा फोटो त्यांच्या मुलीनं, शकीलानं, गुपचूप पाठवला. पण जागा नव्हती. एकाला काढल्याशिवाय दुसरा आत जात नव्हता.

"सारजाबाईंना काढू," अजरा म्हणाली.

"मग भाजी सिल्लोडहून आणायची का?" आबेदा म्हणाली. "रामकिसनला काढलं तर चहा काळा. श्रीधररावांकडं आपली दुसरी चावी हाय. शिंप्याकडं माझे दोन ब्लाउज अडकलेत."

"शिंप्याचा मेहुणा?"

"तो तर सगळ्यांत आधी रुसतो."

गयासभाई शेरूसमोर जाऊन उभे राहिले. काचा रोवताना होता तसाच चेहरा त्यांनी केला.

"मला काढ."

"अब्बा?"

"मी घरातच बसणार. भाईजान आत येईपर्यंत उंबरा ओलांडत नाही. मग टाक परत. काढ!"

अजरानं काढलं. रविवारी सकाळपासून गयासभाई पलंगावरून उठले नाहीत. मटणाचा खलिया शिजत होता, वास गल्लीभर होता, सगळं ठरल्याप्रमाणे होतं. अकरा वाजता शकीलाचा निरोप आला: दोघंच नाही, जीप भरून येतोय.

"नान पुरणार नाहीत," आबेदा म्हणाली.

आता अजराला पाठवता आलं असतं. पण जो नान न खाता भाऊ सहा वर्षं रुसला होता, तो दुसऱ्याच्या हातानं आणणं गयासभाईंना पटेना. "असा गेलो, असा आलो," म्हणत त्यांनी अजराकडून कडी सोडवून घेतली आणि ते स्कूटर काढून गेले. परत येताना हर्सूल जेलसमोर एक उसाची ट्रॉली आडवी झाली होती.

तेवढ्यात जीप आली. करीमभाई उतरले, टोपी नीट केली आणि परीक्षेला बसल्यासारखे शेरूसमोर उभे राहिले. शेरूनं त्यांना वरून खाली पाहिलं. मेंदीच्या दाढीवर जरा अडखळला. मग शेपूट हललं, कडी सुटली.

"धूळ लई हाय तुमच्या रस्त्याला," करीमभाई डोळे पुसत म्हणाले आणि आत गेले.

पाच मिनिटांनी गयासभाई नान घेऊन फाटकावर आले.

"भू! भू! भू! कोण हाय? कोण पाहिजे?"

करीमभाई ओसरीवर आले. त्यांनी एकदा कुत्र्याकडं पाहिलं, एकदा भावाकडं.

"आवाज तर तुझाच हाय रे."

"हौ, माझाच. भाईजान, नान गार होतील. अजरा, उघड गं!"

"अजरा, फोन खाली ठेव," करीमभाई म्हणाले. "त्यानं काय विचारलं, त्याचं उत्तर दे, गयास."

"घर माझं हाय हे!"

"मला पण तसंच वाटलं होतं. भावाचं घर हाय म्हणून."

श्रीधरराव काठी घेऊन धावत आले. "पकडला का? अहो गयासभाई, तुम्ही बाहेर काय करताय? चोर कुठंय?"

"मीच हाय," गयासभाई म्हणाले.

अजराला राहवलं नाही. "बडे अब्बा, जागा भरली होती. तुम्हाला आत घेण्यासाठी अब्बांनी स्वतःला काढलं."

करीमभाईंच्या आधी शेरूच बोलला. "कोण हाय? कोण पाहिजे?"

गयासभाईंनी नानाची पुडकी छातीशी धरली. "भाईजान पाहिजे," ते शेरूला म्हणाले.

करीमभाई आत वळले ते खलियाचं पातेलं घेऊनच बाहेर आले. शेरूनं शेपूट हलवून त्यांना फाटकाबाहेर सोडलं. त्यांनी रस्त्याकडेला, लिंबाच्या सावलीत पातेलं ठेवलं आणि मांडी घातली.

"सहा वर्षं मी बाहेर होतो. तू एक जेवण बाहेर जेव. मी हाय ना सोबत."

मग आबेदा अंथरायला दस्तरखान घेऊन आली, भाभी आल्या, जीपभर पोरं आली. श्रीधररावांनी काठी बाजूला ठेवून पाट आणला. सारजाबाई लिंबं घेऊन आल्या. शेरू रिकामं घर डोळ्यांत तेल घालून राखत होता. पहिला नान मोडून करीमभाईंनी भावाच्या हातात दिला.

इतक्यात आतून नळाचा आवाज आला. पाण्याचा वार नसताना पाणी!

"मोटर लावा!" आबेदा ओरडली आणि अख्खी पंगत उठली. शेरूचं शेपूट तुटेस्तोवर हललं. सगळ्यांच्या पुढे, आत शिरताच दोन्ही हातांत बादल्या घेऊन, करीमभाई होते. कोणत्या कोपऱ्यात कोणता ड्रम ते त्यांनी विचारलंसुद्धा नाही. कडी लागली.

गयासभाई हात धुवायला म्हणून दोन पावलं पुढे गेले.

"भू! भू! भू! कोण हाय? कोण पाहिजे?"

गयासभाईंनी आत पाहिलं. मोटर सुरू झाली होती आणि भाईजान तिच्यावरून सगळ्यांना रागावत होते, अगदी घरच्यासारखे.

"आता कोणी नक्को," गयासभाई शेरूला म्हणाले, परत मांडी घालून बसले आणि त्यांनी खलियाचं पातेलं जवळ ओढलं.