खुणेचा गोटा आणि वाढीव सहकार्य

ज्या वस्तूला मालक नसतो तिला कारभारी कधी कमी पडत नाहीत, हा जगाचा जुना नियम आहे. नदी, गावठाण, जत्रा आणि दुसऱ्याच्या घरचं लग्न ही त्याची ठळक उदाहरणं. दोन हजार पाच सालाच्या आसपास त्यात इंटरनेटची भर पडली.

इंटरनेटचा मालक कोणी नाही हे ठरल्याबरोबर त्याचा कारभार पाहायला दोन जागतिक मंडळं पुढे आली. एक नाव-मंडळ. जगातल्या संगणकांना नाव-पत्ता देणं हे त्याचं काम. दुसरं तार-मंडळ. ज्या तारांतून हे पत्ते धावतात त्या तारा त्याच्या अखत्यारीत. नाव-मंडळ म्हणे, नाव नसेल तर तारेतून जाईल कोण? तार-मंडळ म्हणे, तार नसेल तर नाव काय चाटायचं आहे? दोघांचंही बरोबर असल्यामुळे भांडण मिटण्याची काही सोय नव्हती. शेवटी देशोदेशीच्या सरकारांनी दोघांना 'वाढीव सहकार्य' करायला सांगितलं. (साध्या सहकार्यात एक जण काम करतो आणि दुसरा आडवा येत नाही. वाढीव सहकार्यात दुसऱ्याला विचारल्याशिवाय दोघंही काम करत नाहीत. ती पुढची पायरी आहे.)

सहकार्य कसं करतात हे दोन्ही मंडळांना ठाऊक नव्हतं. म्हणून जगात ते कुठे चालू असल्यास पाहून यावं, असं एकमताने ठरलं, आणि नागपूरच्या एका प्राध्यापकाने सावरटोल्याचं नाव सुचवलं.

सावरटोला हे गाव चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या शिवेवर आहे. म्हणजे दोन्ही जिल्ह्यांच्या मते ते दुसऱ्या जिल्ह्यात आहे. गावात एक तलाव. त्याचं पाणी धानवाल्यांना शेतात पाहिजे आणि ढिवरांना तलावात पाहिजे, कारण मासा तिथे राहतो. तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, उघडलं की धान हसतं, बंद केलं की मासा हसतो. दोघांनी एकाच वेळी हसण्याची सोय आपल्या पूर्वजांनी केलेली नाही. त्यांनी केली ती दुसरी सोय. घाटावर धुणं धुण्याचा एक भला मोठा गोटा होता. पाणी गोट्याला टेकून आहे तोवर ते धानाचं. गोट्याचं बूड कोरडं पडलं की धानवाल्यांचा एक आणि ढिवरांचा एक अशा दोघांनी मिळून तुडूम बंद करायचं. खालचं पाणी माशाचं. हा करार कुठेही लिहिलेला नव्हता, त्यामुळे त्यातून पळवाट काढणं फार अवघड जाई.

ढिवरांच्या मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष मुखरू. लागोपाठ दोन वर्षं तलावाने त्याला दगा दिला होता. यंदा त्याने रोहूचं बीज सोडलं होतं आणि शिमग्यापर्यंत पाणी टिकलं तर मासा हातभर होणार होता. नाही टिकलं, तर अर्धी ढिवरवस्ती बल्लारपूरला रोजीने जाणार आणि अध्यक्षपदी दुसरा येणार, हे संस्थेच्या लोकांनी त्याला प्रेमाने, पण तोंडावर सांगितलं होतं.

दसरा झाल्यावर पाहुणे आले. नाव-मंडळाच्या एक उंच बाई, तार-मंडळाचे टोपीवाले साहेब, आणि दुभाषा म्हणून मूल गावचा प्रफुल. प्रफुलचा मूलला संगणकाचा क्लास होता. (संगणक एकच होता. त्याला रोज उदबत्ती लागे, वीज अधूनमधून.) गोट्याची हकीकत ऐकून पाहुणे इतके भारावले की उंच बाई त्या गोट्यावरच बसल्या आणि टोपीवाल्या साहेबांनी टोपी काढली.

"मुखरूभाऊ," प्रफुल म्हणाला, "हे लोक म्हणून राह्यले का हा गोटा त्यायले परिषदेत ठेवाचा आहे. साऱ्या दुनियेले दाखवाचा आहे."

मुखरूच्या मनात त्या क्षणी जे आलं ते सहकाराच्या इतिहासात नोंदवण्यासारखं आहे. गोटा गेला की खूण गेली. खूण गेली की खूण कुठे होती हे सांगणारा माणूस उरतो. तो माणूस आपणच होऊ, आणि खूण होती त्याहून हातभर वर सांगू. म्हणजे हातभर पाणी जास्तीचं माशाला.

"न्या न जी," तो म्हणाला. "पाव्हण्यायले नाई कसं म्हणाव?"

धानवाल्यांचे पुढारी गुणवंतराव शेजारीच उभे होते. ते भांडतील म्हणून मुखरूने कंबर कसली, तर तेच म्हणाले, "न्या न्या. गावाचा मान आहे." हा माणूस इतका दिलदार कधीपासून झाला, हा विचार मुखरूच्या मनात आला होता, पण आनंदाच्या भरात तो पुढे गेला नाही.

"माहा गोटा देऊन राह्यले अन् मलेच विचारून नाई राह्यले," धुण्याचं टोपलं घेऊन उभी असलेली बायनाबाई म्हणाली. तीस वर्षं त्या गोट्यावर तीच धुणं आपटत आली होती. "आता धुणं का तुमच्या डोक्स्यावर आपटू?"

उंच बाईंनी प्रफुलकडे पाहिलं. प्रफुलने इंग्रजीत सांगितलं की महिलांचाही या निर्णयात उत्साहाने सहभाग आहे. बाईंनी ते लिहून घेतलं.

गोटा जीपमध्ये चढवला गेला. पुढचं विमानाचं भाडं दोन्ही मंडळांनी निम्मं-निम्मं भरलं. हे त्यांचं पहिलं प्रत्यक्ष सहकार्य.

काही दिवसांनी पाणी उतरलं. तुडूम बंद करायला मुखरू बांधावर गेला.

"गोटा इथी होता," तो बाभळीच्या मुळाशी उभा राहून म्हणाला.

"तिथी बायनाबाई धुणं धुवाले झाडावर चढे का?" गुणवंतराव म्हणाले. ते खूप खाली, चिखलाजवळ उभे होते. "गोटा इथी होता."

"तिथी त म्हशी बसते, भाऊ."

"मंग? म्हशीशेजारीच धुवे ते."

तेव्हा मुखरूला गुणवंतरावांच्या दिलदारीचा उलगडा झाला. दोघं बायनाबाईकडे गेले. तिने दोघांना बसायला दिलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "मले का मालूम, बाप्पा? मले तवाही कोणी विचारलं नाई. पाव्हण्यायले विचारा."

पाहुण्यांना विचारलं. प्रफुलने ई-मेल पाठवला. गोटा परत द्या, निदान त्याचा घाटावरचा फोटो तरी द्या. उत्तर फार सभ्य आलं. गोटा आता मानवजातीचा सामायिक ठेवा असून त्याचं नाव नाव-मंडळाकडे आणि तो ठेवायची जागा तार-मंडळाकडे आहे. परत देण्याबाबत दोघंही एकमेकांना विचारत आहेत. मसुदा इंटरनेटवर ठेवला आहे. त्यावर गावानेही 'इतर हितसंबंधी' या सदरात मत नोंदवावं. मत न आल्यास संमती समजण्यात येईल. (गावात त्या वेळी इंटरनेट नव्हतं. त्यामुळे संमती शंभर टक्के आली.)

इकडे खूण ठरेना, म्हणून दोघांचे हात तुडुमाला लागेनात, म्हणून तुडूम उघडंच. पाणी जात राहिलं. कापणीला आलेलं धान पाण्यात लोळलं आणि लोंबीला कोंब फुटले. तलावात चिखल उरला आणि चिखलात बोटभर रोहू तडफडले. बगळ्यांनी मात्र या काळात एकही अट न घालता पूर्ण सहकार्य केलं.

अर्धी वस्ती बल्लारपूरच्या गाडीत बसली. मुखरूचं अध्यक्षपद गेलं. त्या दिवशी तो बांधावर जाऊन बसला, तर गुणवंतराव आधीच बसलेले.

"भाऊ," मुखरू म्हणाला, "तुमी गोट्याले इतक्या लवकर हो काऊन म्हणलं?"

"तू काऊन म्हणला?"

मुखरूने चिखलातल्या बगळ्याला एक ढेकूळ मारलं.

"पाव्हण्याचा मान," मुखरू म्हणाला.

"हो न," गुणवंतराव म्हणाले. "मान त ठेवाच लागते."

पुढच्या उन्हाळ्यात बायनाबाईने नाल्यातून दुसरा गोटा आणवला आणि आपल्या कमरेला सोसेल अशा जागी टाकला. तो वर आहे की खाली, हे तिला कोणीही विचारलं नाही. तुडूम त्या गोट्यावर बंद होऊ लागलं.

परिषदेचा फोटो प्रफुलने मूलहून आणून दाखवला. टेबलावर गोटा, त्यावर दोन्ही मंडळांच्या प्रमुखांचे हात, आणि दोघंही हसत होते. मुखरूने तो फोटो बराच वेळ निरखला. ते हसू त्याच्या ओळखीचं होतं.

आता तुम्ही म्हणाल, खेड्यातली माणसं, स्वतःच्या पाण्याची खूण परक्याच्या हातात देऊन बसली. म्हणा. फक्त परवा तुमच्या संगणकाने लांबच लांब करारनामा समोर धरला होता आणि तळाशी 'मला मान्य आहे' लिहिलं होतं, तेव्हा तुम्ही त्यातली किती वाक्यं वाचून बोट दाबलंत, तेवढं आठवून पाहा. मुखरूने गोटा दिला तेव्हा निदान आपण कोणाला तरी फसवतो आहोत, अशी त्याची समजूत तरी होती.