लाईट गेली की मोठीआईला सांगा

कॉलनीत लाईट गेली की बाकीच्या बायका मेणबत्ती शोधायच्या, आणि मोठीआईच्या हातात आधीच फोन असायचा. "तक्रारीच्या नंबरावर कशाला डोकं फोडता गं?" ती खिडकीतूनच शेजारणींना सुनवायची. "वीज जिथं जन्माला येते तिथं माझा थोरला बसलाय. मी फोन लावते, लाईट येते."

आणि खरंच यायची! फोन लावल्यावर चहा उकळायच्या आत पंखे फिरायला लागायचे. एवढा ढळढळीत पुरावा असल्यावर शंका कोण घेणार? घेतलीच तर मोठीआईसमोर कोण घेणार?

कॉलनी वीजकेंद्राच्या भिंतीला चिकटून होती. भिंतीपलीकडे गॅसवर चालणारं एकच टर्बाइन, आगगाडीच्या इंजिनाएवढं, अष्टौप्रहर घोंगावत असायचं. तो आवाज लोकांच्या इतका अंगवळणी पडला होता की तो थांबला तरच तान्ही मुलं दचकून उठायची. थोरला तिथं कंट्रोल विभागात होता. म्हणजे नेमका कशात, हे मोठीआईनं त्याच्याकडून एकदा समजून घेतलं होतं आणि मग ते आपल्या हिशेबानं नीट बसवून घेतलं होतं. टर्बाइन म्हणजे घरातला दांडगा पुरुष. ताकद भरपूर, अक्कल बेताची. त्याला किती खायला घालायचं, किती पळवायचं, कधी गप्प बसवायचं, हे शेजारच्या खोलीतली पत्र्याची कपाटं ठरवतात. त्या कपाटांना पॅनेल म्हणतात.

"म्हणजे घरातली बाई," मोठीआई म्हणाली होती, आणि तो विषय तिथंच संपला होता.

त्या विभागाचे प्रमुख नुकतेच निवृत्त झाले होते आणि त्यांची खुर्ची रिकामी होती. ती थोरल्यालाच मिळणार, असं मोठीआईनं कॉलनीभर सांगून टाकलं होतं. फक्त थोरल्याला सांगितलं नव्हतं. उगाच पोराला दडपण नको.

नेमकं तेव्हाच टर्बाइनच्या अंगात आलं. चांगलं गुणगुणत चाललेलं असायचं आणि मध्येच आपण भयंकर थरथरतोय असं त्याच्या मनानं घ्यायचं. मशीनची थरथर मोजायला त्याच्या अंगाला सेन्सर लावलेले असतात. थरथर हद्दीबाहेर गेली की पॅनेल गॅस तोडतं आणि मशीन बंद पडतं, नाही तर त्याचे तुकडे व्हायचे. एवढं थोरल्यानं जेवताना सांगितलं. अडचण अशी की मशीन थरथरतच नव्हतं. उघडून पाहिलं तर आतलं बेअरिंग बाळाच्या गालासारखं गुळगुळीत.

"म्हणजे नाटक," मोठीआईनं निदान केलं. "पाहुणे यायच्या दिवशी आपल्याकडे कुणाकुणाचं डोकं दुखतं, तसं."

सूनबाईनं भाजीचं भांडं जरा जोरात खाली ठेवलं. ती फारशी बोलत नसे. तिची भांडी बोलायची.

त्या दिवसांत थोरल्याची रया गेली. सेन्सर बदलले, वायरींचा स्क्रू न् स्क्रू आवळला, पॅनेलमधलं कार्ड काढून दुसरं घातलं. मेकॅनिकलवाले म्हणायचे दोष कंट्रोलचा, कंट्रोलवाले म्हणायचे मेकॅनिकलचा. दूध उतू गेल्यावर दोन जावा बोलतात, अगदी तस्सं. मशीन थांबलं की कॉलनी अंधारात. मग केंद्रातलं कुणीतरी कॉलनीची वीज बाहेरच्या लाईनवर टाकायचं, त्याला थोडा वेळ लागायचा. तेवढ्यात मोठीआईचा फोन जाऊन आलेला असायचा. श्रेय कुणाचं, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

थोरला फोन नेहमी उचलायचाच असं नाही, पण फोन जवळ ठेवायचाच. तशी ताकीदच होती. एकदा त्यानं तो घरी विसरला, तर मोठीआईनं थेट गेटवरच्या वॉचमनला फोन लावला होता, आणि वॉचमननं भोंग्यावरून सगळ्या केंद्राला ऐकवलं होतं की कंट्रोलच्या साहेबांनी गोळी घेतली का, असं त्यांच्या आई विचारतायत. त्यानंतर फोन कधी विसरला नाही.

एका सकाळी थोरला घास न घेताच उठला. केंद्राचे प्रमुख साहेब आदल्या दिवशी स्पष्ट बोलले होते. आज संध्याकाळपर्यंत मशीन धड चाललं तर ठीक, नाही तर उद्या बाहेरून तज्ज्ञ येईल, आणि जो दोष शोधेल तोच त्या खुर्चीत बसेल.

"बाहेरचा?" मोठीआईचा आवाज चढला.

"बाहेरचा," थोरला बुटांना म्हणाला, आणि गेला.

सूनबाईनं हळूच सुचवलं की आज त्यांना फोन जरा कमी केले तर बरं, कामात लक्ष राहील. मोठीआईनं तिच्याकडे असं पाहिलं की कुकरची शिट्टीसुद्धा अर्धीच वाजली. पोराची खुर्ची चाललीय आणि आईनं गप्प बसायचं? आज तर त्याला पाठबळ हवं!

मग पाठबळ सुरू झालं. भिंतीपलीकडे आवाज हळूहळू चढायला लागला, टर्बाइन जागं होत होतं. मोठीआई कान देऊन ऐकत राहिली. आवाज नेहमीच्या सुरात लागला आणि तिचा ऊर भरून आला. तिनं शाबासकीचा फोन लावला. पलीकडे घंटी वाजली, एकदा, दोनदा, आणि घोंगावणं खाली यायला लागलं, जशी कुणी फुग्यातली हवा काढावी. पंखा थांबला.

आता चौकशी करणं भागच होतं. तिनं पुन्हा लावला. त्यानं उचलला नाही, पण थोड्या वेळानं पंखा फिरला. म्हणजे पोचलं तर खरं. पुढे आवाज पुन्हा चढला. मोठीआईनं पुन्हा शाबासकी दिली. आवाज पुन्हा पडला.

असं किती वेळा झालं ते मोजायला कुणी थांबलं नाही, पण एव्हाना शेजारणी दारात जमल्या होत्या. स्टोअरकीपरची बायको ओली कणीक हाताला घेऊनच आली, कारण तिचा चटणीचा मिक्सर मध्येच गप्प झाला होता. साऱ्याजणी मोठीआईकडे अशा बघत होत्या, जणू पाण्याच्या टाकीची किल्ली तिच्याकडेच आहे.

"लावते," मोठीआई म्हणाली. "पण गडबड करू नका. त्याला माझा आवाज नीट ऐकू गेला पाहिजे."

या खेपेला थोरल्यानं उचलला. त्याच्या मागे माणसांचा नुसता गलका होता.

"आई, काय झालं?"

"मला काय होतंय? शाबास म्हणायला केला. मघाशी छान चाललं होतं तुझं मशीन."

पलीकडे थोरल्यानं ओरडून सगळ्यांना गप्प केलं. मोठीआईनं फोन कानापासून जरा लांब धरला.

"आई, मघाशी आवाज पडायच्या आधी तू फोन केला होतास का?"

"केला होता. त्याच्याआधीही केला होता. तू उचलतोस कुठं?"

त्यानं फोन ठेवला. एक शब्द न बोलता! मोठीआईनं शेजारणींना सांगितलं की पोरगा भारावून गेला.

इतक्यात सूनबाईचा फोन वाजला. थोरलाच होता, कंट्रोल रूमच्या टेबलावरच्या फोनवरून. सूनबाईनं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि मग सासूकडे वळून म्हणाली, "आई, त्यांना मोबाईलवर फोन लावा."

"आत्ता तर बोलला!"

"लावा म्हणतायत. साहेबही तिथंच उभे आहेत."

मोठीआईनं लावला. कुणी उचलला नाही. सूनबाईच्या फोनातून कुणीतरी ओरडल्याचं ऐकू आलं.

"आता ठेवा," सूनबाई म्हणाली.

ठेवला.

"आता परत लावा."

त्या घरात आजवर लावा आणि ठेवा कोण सांगायचं, आणि कोण ऐकायचं, हे ठरलेलं होतं. आज ते भर चारचौघींत उलटं झालं. पण मोठीआईनं ते मनावर घेतलं नाही. प्रत्यक्ष प्रमुख साहेब तिथं उभे आहेत आणि त्यांच्यादेखत पोराला आईच्या फोनाची गरज पडतेय, यातच तिला सगळं मिळालं होतं. ती लावत होती, ठेवत होती, केसांवरून हात फिरवत होती. स्टोअरकीपरची बायको तोंडात बोट घालायला निघाली होती, पण बोटाला कणीक होती.

"बघा," मोठीआई मधल्या उसंतीत म्हणाली, "एवढे शिकलेले लोक, पण मशीन शेवटी कुणाच्या फोनानं ताळ्यावर येतं?"

सूनबाई खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते.

"आई," ती शेवटी म्हणाली, "झालं त्यांचं. आता ठेवा. आणि संध्याकाळपर्यंत लावू नका म्हणतायत. अजिबात."

"का पण?"

"ते घरी आल्यावर सांगतील."

सूनबाईनं हात पुढे केला, आणि मोठीआईनं फोन तिच्या हातावर ठेवला. कसा ठेवला, हे तिचं तिलाच कळलं नाही. सूनबाईनं तो कपाटात ठेवला आणि किल्ली आपल्याजवळ.

दुपारी आवाज पुन्हा चढला. मोठीआई उठून कपाटापर्यंत गेली आणि परत येऊन बसली. आवाज टिकला. जेवण झालं, भांडी झाली, पंखा फिरतोय. खुर्चीचं काय झालं, हे विचारायची सोय नाही! वॉचमनचा नंबर तिला पाठ होता, पण सूनबाईनं आपलाही फोन पदराआड केला होता. त्या दुपारी मोठीआईनं आयुष्यात पहिल्यांदा नुसतं बसून ऐकलं. मशीन चालू होतं, एका सुरात, अगदी शहाण्यासारखं.

दिवेलागणीला थोरला आला. चेहरा दमलेला, पण खुललेला. मोठीआईनं त्याला बूटसुद्धा काढू दिले नाहीत.

तो म्हणाला, मशीन दुपारपासून थांबलं नाही. दोष सापडला. पॅनेल थंड ठेवणारा पंखा बिघडल्यामुळे महिनाभर त्याचं दार उघडंच ठेवलं होतं. आत एक सॉकेट असतं, त्यावर कुणीतरी मोबाईल चार्जिंगला लावून थरथर मोजणाऱ्या कार्डाला टेकवून ठेवत होतं. मोबाईलला फोन आला की त्याच्या लहरी त्या नाजूक वायरींत शिरायच्या, आणि पॅनेलला वाटायचं, मशीनच थरथरतंय.

"कोण तो शहाणा?" मोठीआई कडाडली. "त्या खोलीत मोबाईल न्यायची बंदी आहे ना? तूच पाटी लावलीस दारावर!"

थोरल्यानं बूट काढायला घेतले. एक काढला. मग दुसरा काढला.

"मी," तो म्हणाला. "आणि त्यावर फोन फक्त तुझाच येतो, आई."



मोठीआईला कळायला वेळ लागला, पण एकदा कळल्यावर सगळंच कळलं. लावा का, ठेवा का, कोण ओरडत होतं, आणि सूनबाईचे खांदे. तिनं पाण्याचा एक घोट घेतला. मग जे विचारायचं तेच विचारलं.

"साहेबांना सांगितलंस?"

"तिथंच, सगळ्यांदेखत. तू फोन लावत होतीस आणि पडद्यावरची थरथरीची रेघ उडत होती. लपवणार काय?"

"मग खुर्ची?"

"मिळाली."

मोठीआईची मान ताठ झाली. "मिळणारच होती! दोष शोधला तो शेवटी माझ्याच पोरानं. साहेबांना हुशारीची पारख आहे."

थोरला जरा खाकरला. "तसं नाही, आई. विभागाच्या प्रमुखाची केबिन दुसऱ्या इमारतीत आहे. साहेब म्हणाले, या माणसाला मशीनपासून लांब बसवणंच सगळ्यांच्या हिताचं."

दुसऱ्या दिवशी मोठीआईनं खिडकीतून कॉलनीला एवढंच सांगितलं की थोरल्याला बढती मिळाली.

बाकीचं सूनबाईनं सांगितलं.