धरण सुरक्षित असल्याचा ठराव

अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या आमच्या तळ्याकाठच्या रहिवासी मंडळाने यंदाच्या वार्षिक सभेत धरण सुरक्षित असल्याचा ठराव बहुमताने संमत केला. धरणाला तो अद्याप कळवण्यात आलेला नाही.

धरण खाजगी, मातीचं. माझ्या सासऱ्यांच्या पिढीने होड्या फिरवायला आणि मासे धरायला बांधलेलं. त्याच्या खालच्या अंगाला ओल दिसू लागली, तेव्हा सुशोभन समितीची प्रमुख या नात्याने मी तातडीने कारवाई केली. तिथे आयरिसच्या फुलांचे कंद लावले. काय फुलले म्हणून सांगू!

मग तपासणीला इंजिनिअर आला.

"ही फुलं कुणी लावली?"

"मी," कौतुक ऐकायला मी केस सारखे केले.

"बाई, भिंत झिरपतेय. तळ्याचं पाणी पुरुषभर उतरवा. खाली घर आहे."

खालचं घर ओपल स्ट्रंकचं. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, एकटी राहते.

"उतरवा?" आमचा अध्यक्ष लॉयल दचकला. "मग चार जुलैला स्वातंत्र्यदिनाची होड्यांची मिरवणूक काय चिखलातून काढायची?"

मी जोरात मान डोलावली. आमच्या होडीचा मी हंस करत होते. चोच तेवढी राहिली होती.

सभेला ओपल चिखलाच्या बुटांनिशी आली. "लॉयल, माझ्या परसात तळं झालंय. बदकं उतरतात रे!"

"सभासद नसलेल्यांना बोलता येत नाही, ओपल."

"पाणी आलं ते सभासद होऊन आलं होतं का?"

नियम पाहिला गेला. ज्याच्या आवाराला तळ्याचं पाणी लागतं, तो सभासद. ओपलच्या आवाराला ते लागतच होतं. टाळ्यांच्या गजरात तिला दाखल करून घेतलं. धरणापासून बाहेरच्या कुणालाही धोका उरलेला नाही, हेही त्यामुळे ओघानेच सिद्ध झालं. परसात होडीचा धक्का बांधायचा तर रंग आधी मंजूर करून घ्यावा लागेल, असं मी तिला प्रेमाने बजावलं.

मग ठराव मताला आला. विरोधात एकटी ओपल. माझा हात मी मुद्दाम अर्धाच वर केला होता, पण मोजणाऱ्याने तो पूर्ण धरला.

"बरं," ओपल म्हणाली. "आता सभासद आहे, तर माझाही ठराव घ्या. ज्यांनी हात वर केले त्यांनी पावसाच्या दिवसांत पाळीपाळीने एकेका शनिवारी माझ्याकडे मुक्कामाला यावं. खोली झाडून ठेवते. सकाळी पॅनकेक करीन."

ठरावाला अनुमोदन लागतं. ते नसेल तर आमच्याकडे त्यावर चर्चासुद्धा होत नाही. माझा नवरा बुटाची नाडी बांधायला वाकला. त्याच्या बुटांना नाड्या नाहीत. मी टेबलावरच्या बटाट्याच्या सॅलडचं बारकाईने निरीक्षण करू लागले.

"तूसुद्धा नाही?" ओपलने मला विचारलं. "झोपायच्या खोलीतून तुझी फुलं अगदी समोर दिसतात गं."

ठराव बारगळला. सगळे जेवायला उठले. ओपलने केलेला केक सर्वांत आधी संपला.

पुढच्या सभेत ती हाच ठराव पुन्हा मांडणार आहे. अनुमोदक हवाय. तुम्ही मघापासून आम्हाला हसताय, म्हणून विचारते. तुम्हाला कोणता शनिवार सोयीचा पडेल?