माणिककाकांची दर्यावर्दी इंग्रजी

सायकलवर टांग टाकण्याआधी माणिककाका बोट ओलं करून वर धरायचे. वारा कुठला आहे ते बघायला. बेगमपुऱ्यातून कचेरीत जायला वाऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं, आणि समुद्र तर त्यांनी जन्मात पाहिलेला नव्हता. तरी ‘आज उलटा हाय, उशीर होनार’ असं काकूला बजावूनच ते निघत.

आमची घरं भिंतीला भिंत लागून. काका मूळचे फुलंब्रीचे. शिकले उर्दूत आणि निजामाच्या महसूल खात्यात कारकून झाले. त्यांचं उर्दू अक्षर इतकं देखणं की साहेब मजकूर न वाचता नुसतं बघत बसत. मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि कचेरीत इंग्रजी आली. जुन्या कारकुनांनी इंग्रजीची परीक्षा द्यावी, नाहीतर घरी बसावं, असा हुकूम निघाला. काकांना इंग्रजीत सही तेवढी यायची, तीही ते उजवीकडून सुरू करायचे.

त्याच सुमारास छावणीतली एक गोरी मेमसाहेब विलायतेला परत निघाली. तिच्या सामानाच्या लिलावातून काकांनी पुस्तकांचा एक गठ्ठा उचलून आणला. घरी येऊन सोडला, तर आत राणी व्हिक्टोरियाच्या काळातली, तिकडच्या मुलांसाठी छापलेली समुद्रसफरींची पुस्तकं. पानोपानी चित्रं. शिडांची जहाजं, डोंगराएवढ्या लाटा, देवमासे.

काकूला अक्षरओळख नव्हती, पण जीभ तिखट होती. परीक्षा बाप्याची अन् पुस्तकं लेकरांची, असं तिनं गल्लीभर सांगून टाकलं. मग एका संध्याकाळी भाकरी थापता थापता तिची नजर एका चित्रावर गेली. एक दहा-बारा वर्षांचा पोरगा वादळात डोलकाठीवर चढला होता.

“हे कशाला चढलं वर?” तिनं विचारलं. “पडंल की.”

काकांना माहीत नव्हतं. त्यांनी शब्दकोश काढला. ते पान उलगडायला त्यांना तास लागला आणि तोवर काकूनं ताट वाढलं नाही. दुसऱ्या दिवशी ते कचेरीतून येऊन पाय धुतायत तोच तिचा प्रश्न तयार, मग खाली उतरलं का ते? असं रोज चाललं. जेवायचं असेल तर पुढचं पान लावणं भाग होतं. त्या वर्षी काका वाळले, पण इंग्रजी शिकले.

मात्र जी शिकले ती सगळी खाऱ्या पाण्यातली. ताप आला तेव्हा त्यांनी रजेचा अर्ज लिहिला की तळाला भोक पडलं आहे, दोन दिवस बंदरात राहणं भाग आहे. शेंद्र्याच्या विहिरींची पाहणी करून आले, त्याचा अहवाल असा: ‘पहाटे निघालो. वारा अनुकूल. दुपारी उजव्या हाताला जमीन दिसली. रहिवासी शांत असून त्यांनी आम्हांस गोडं पाणी दिलं. तोफ उडवावी लागली नाही.’ साहेबांनी बोलावून विचारलं की तुम्ही शेंद्र्याला गेला होतात की शेंद्रा शोधून काढलात? काकांनी अदबीनं सांगितलं की कचेरीच्या नकाशात तो आधी नव्हताच. साहेबांनी नकाशा पाहिला. खरंच नव्हता.

परीक्षेत निबंधाला विषय आला ‘प्रवास’. काकांनी जादा पुरवणी मागून घेतली. पास झाले, नोकरी टिकली. काकूनं गल्लीत साखर वाटली आणि वर म्हणाली की यांचं काय, पास ते पोरगं झालं.

पुढं आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि काकांना कागदपत्रं घेऊन मुंबईला जायची पाळी आली. निरोप द्यायला अख्खी गल्ली जमली. मी तेव्हा शाळेत होते, मी शिंपले आणायला सांगितले.

तिसऱ्या दिवशी ते परत आले. शिंपले नव्हते. मी समुद्र कसा होता म्हणून विचारलं, तर ते टोपी झटकू लागले.

“गेलो होतो,” ते म्हणाले. “वास आला, आवाज आला. मग मी त्याच्याकडं पाठ करून बसलो. शेंगा खाल्ल्या अन् आलो.”

मला वाटलं थट्टा करतायत. पण ते हसत नव्हते.

“पोरी, इतकी वर्सं ती इचारायची म्हनून मी वाचत गेलो. फुडं काय झालं ते दोघांला एकदमच कळायचं. आता एवढं मोठं पान मी एकट्यानं उलटून यावं व्हय?”

आत काकू ज्वारी पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला. फुलंब्रीच्या पलीकडं कधी न गेलेली ती बाई दारात येऊन उभी राहिली.

“तिथं लुगडं भिजतं का वो?” तिनं विचारलं.

“माझ्या पाठीवर शिंतोडे आले,” काका म्हणाले. “भिजतं.”

“मंग जुनंच न्यावं लागंल,” असं म्हणून ती आत गेली, आणि ट्रंक उघडल्याचा आवाज आला.